दारातलं पहिलं वाक्य

उद्याकाकांना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. "काका, वाजले किती?" म्हटलं की ते घड्याळाकडे बघायचे, भुवया वर करायचे, घड्याळ कानाला लावायचे आणि म्हणायचे, "सकाळी घरून निघालो तेव्हाच मला वाटलं होतं, आज काहीतरी होणार." मग त्या घड्याळाचं काय काय झालं ते सगळं ऐकायचं, आणि वाजले किती ते शेवटपर्यंत कळायचं नाहीच. काकू कपाळावर हात मारायच्या. म्हणायच्या, "यांना विचारलं दूध आणलं का, की हे गाय व्याली तिथपासून सुरू करतात. आणि इथे चहाचं आधण उकळून उकळून आटतंय!"

त्यांचं खरं नाव क्वार्टरच्या पाटीवर होतं, पण आमच्या टाउनशिपमध्ये ते कुणी घेत नसे. मराठी मंडळाच्या गणपतीत रोज संध्याकाळी आरती झाली की काका गोष्ट सांगत. रहस्यकथा. स्वतः रचलेली, स्थापनेच्या दिवशी सुरू होऊन विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी संपणारी. रोजचा भाग ऐन रंगात आला की ते थांबत, खांद्यावरचं उपरणं झटकत आणि 'उद्या' म्हणून स्टेजवरून खाली उतरत. पोरं चिडून 'उद्याकाका, उद्याकाका' ओरडत मागे लागत. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे कारखान्यातले मोठे साहेबसुद्धा तेच म्हणायला लागले.

प्रसाद गोष्ट झाल्यावरच वाटायचा, ही काकांची अट. तोंडात मोदक असला की माणसाचं भय पळतं म्हणे. आमचे हिंदीभाषक शेजारीही येऊन सतरंजीवर बसत, आणि मराठी अडली की शेजारणीला कोपरानं ढोसत, "अब क्या हुआ? दरवाज़ा खुला कि नहीं?" सेकंड शिफ्टचे लोक तो भाग दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोकडून ऐकत आणि तिनं नीट सांगितला नाही म्हणून भांडत. आमच्याकडे तर एकदा चांगलीच जुंपली. नवरा म्हणाला, "तू डॉक्टरवर संशय घेतेस, पण जिन्यात खोकलं कोण ते सांगितलंच नाहीस!" मी म्हटलं, "एवढं आहे तर रजा टाका नि स्वतः जाऊन बसा."

मी मूळची नागपूरची. वडील सरकारी ऑफिसाबरोबर भोपाळला आले, मी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे उतरवणारी ट्रेसर म्हणून लागले, आणि लग्नही तिथल्याच माणसाशी झालं. काका साताऱ्याकडचे, कारखान्यात वेल्डिंग तपासायचे. आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लावून. दुपारी ते डबा घेऊन आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात येत, आणि मला त्यांची विद्या शिकवत. मला काही गोष्टी लिहायच्या नव्हत्या हो, पण ते शिकवत आणि मी ऐकत असे.

"हे बघ," ते म्हणायचे, "गोष्टीतला माणूस बूट घालायला बसलाय. बुटात विंचू आहे. त्याला ठाऊक नाही, ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. आता तू काय करशील?"

"चावू देईन."

"झालं! पाणी ओतलंस. अगं, त्याला मोजे शोधायला लाव. एक मोजा सापडू दे, दुसरा नको. बायकोला हाक मारू दे. बायकोनं आतून विचारावं, काळे की खाकी? तो मोजा सापडत नाही तोवर लोक तुझे."

"पण काका, शेवटी विंचू चावतो का त्या बिचाऱ्याला?"

"त्याचं काय एवढं! लोक बुटाकडे बघतायत ना?"

मला राग यायचा. म्हणायची, "काका, तुम्ही दुष्ट आहात." ते खूश व्हायचे, त्यांना ते बक्षीसच वाटायचं. दुसरी एक गोष्ट ते नेहमी सांगत. दार उघडल्यावर थांबू नये, कडीवर हात असताना थांबावं. "दार उघडलं तर दाराआड मी ठेवलंय तेवढंच दिसणार. नाही उघडलं, तर ज्याला जे भय असेल ते तो तिथे आणून उभं करतो. माझ्या भयापेक्षा त्याचं स्वतःचं केव्हाही भारी." हे सांगताना त्यांची चटणी-भाकरी तशीच राहायची आणि डोळे लहान मुलासारखे चमकायचे.

पण त्यांची खरी करामत वेगळीच होती. ते टाउनशिपलाच गोष्टीत ओढत. एका वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक अनोळखी माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या लाइनीत आला आणि अस्तित्वात नसलेल्या क्वार्टरचा पत्ता विचारत दारोदार फिरला. त्या संध्याकाळी काकांच्या गोष्टीत ट्रंकवाला माणूस आला. पेंडॉलमध्ये बायकांच्या बाजूनं अशी किंकाळी उठली की बाप्पाही दचकले असतील. तो माणूस काकांनी जवळच्या मंडीदीपहून आणलेला, कुणा ओळखीच्याचा भाऊ. पुढच्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांची स्कूटर गायब झाली. अध्यक्ष सामील होते, पण त्यांच्या बायकोला ठाऊक नव्हतं, ती बिचारी चौकीपर्यंत जाऊन आली. स्टेजवर उभं राहून काका गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "मंडळी, आज जे सांगतो ते खरं आहे." तेवढं म्हटलं की लोक सरसावून बसत. आता रंगणार!

त्यांना एकच मुलगा. शांत, हसरा, आईच्या वळणाचा. आमच्याकडचा रेडिओ बिघडला की तोच येऊन दुरुस्त करायचा आणि चहा नको म्हणायचा. कॉलेजात मन रमेना, तेव्हा काकांनी खटपट करून त्याला कारखान्यात अप्रेंटिसच्या मुलाखतीचं बोलावणं आणवलं. मुलाखतीच्या दिवशी हा गेलाच नाही. त्याला कारखाना नको होता. काय हवं होतं, तेही त्याला धड सांगता येत नव्हतं. त्या वयात कुणाला येतं?

तेव्हा गणपती बसलेले होते. पानावर बसल्यावर वाद झाला. हे मला काकूंनी नंतर सांगितलं, किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. काका ओरडले नाहीत. ओरडणारा माणूसच नव्हता तो. पाण्याचा तांब्या खाली ठेवला, मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासून या घरात..."

आणि थांबले. उठून हात धुवायला गेले.

"मला वाटलं, नेहमीचीच खोड," काकू म्हणायच्या. "त्यांना म्हणायचं होतं, उद्यापासून या घरात हा विषय कुणी काढायचा नाही. झालं गेलं गंगेला मिळालं. मला म्हणालेही निजताना, त्याला करू दे काय करायचं ते. पण ते मला म्हणाले ना! त्याला कुठे म्हणाले?"

पोरानं ते वाक्य आपल्या मनानं पुरं केलं. सकाळी काकू उठल्या तेव्हा त्याचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं.

दिवसभर त्यांना वाटलं, मित्राकडे गेला असेल, जेवायला येईल. आला नाही. काका त्याच्या मित्रांकडे फिरले, बिट्टन मार्केटात तो ज्या रेडिओच्या दुकानात जाऊन बसायचा तिथे जाऊन आले. संध्याकाळी सगळी टाउनशिप एका जागी भेटेल अशी जागा एकच, पेंडॉल. आरती संपता संपता काका सरळ स्टेजवर गेले.

"मंडळी, माझा मुलगा सकाळपासून घरी नाही. निळा शर्ट आहे. कोणी पाहिलं असेल तर सांगा."

पुढे बसलेल्या पोरांनी मांड्या आवळून घेतल्या. माझ्या शेजारची म्हणाली, "बाई गं, आज घरचाच माणूस घेतला!"

काका म्हणाले, "हे खरं आहे."

हशा पिकला. काकांचा आवाज कापत होता, आणि लोक एकमेकांना खुणावत होते, काय कापतोय बघा आवाज! मागून कोणीतरी ओरडलं, "पुढे काय झालं, काका?"

"पुढे मला माहीत नाही," काका म्हणाले.

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या त्यांच्या कुठल्याच गोष्टीला पडल्या नव्हत्या. काका हात जोडून उभे, "अहो, ऐका, ऐका," म्हणतायत, आणि लोकांना वाटतंय हे सगळं आजच्या भागातलंच. कोणी जागचं हललं नाही. उलट मागचे पुढे सरकले. तेव्हा काकू उठल्या. त्या कधी चारचौघांत बोलत नसत. सतरंजीवरच्या बायकांतून वाट काढत त्या स्टेजपाशी गेल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ही गोष्ट नाहीये हो. माझा मुलगा गेलाय."

तो आवाज ऐकून सगळ्यांना कळलं. पुरुष धावले. स्कूटरी काढल्या, कोणी तलावाकडे गेलं, कोणी बस स्टँडवर, माझा नवरा आणि आणखी दोघं स्टेशनवर. स्टेशनवर चहावाला म्हणाला, निळ्या शर्टातला एक मुलगा दुपारपासून बाकावर बसला होता. आत्ता गेलेल्या गाडीत चढला. गाडी नुकतीच सुटली होती.

त्या टाळ्या नसत्या तर? हा प्रश्न टाउनशिपमध्ये कोणी मोठ्यानं विचारला नाही. काकांनी तर कुणाला एका शब्दानं बोल लावला नाही. म्हणाले, "सवय मीच लावली होती."

त्यानंतर त्यांनी गोष्ट सांगितली नाही. पोलिसात कळवलं, पेपरात फोटो दिला, नातेवाइकांना पत्रं गेली. मंडीदीपच्या कारखान्यांत तसा एक मुलगा दिसतो असं कुणीतरी उडवलं, तर काका दर रविवारी टेम्पोत बसून जायचे आणि शिफ्ट सुटायच्या वेळी एकेका फाटकापाशी उभे राहायचे. पावसातसुद्धा. काकू म्हणायच्या, अहो, छत्री तरी न्या. ते म्हणायचे, छत्रीत तोंड दिसत नाही, तो मला ओळखणार कसा?

आणि बोलण्याची तऱ्हा पार पालटली. आता ते कुठलीही गोष्ट सांगताना शेवट आधी सांगत. "जोशांचा नातू बरा आहे. सायकलवरून पडला होता." "रजा मंजूर झाली. काल अर्ज दिला होता." समोरच्याला क्षणभरही टांगून ठेवायचं नाही, असा जणू नेमच केला होता. घरात पाऊल टाकलं की आधी सांगत, "दूध आणलं." एकदा काकू ते ऐकून माझ्याकडे आल्या आणि ओट्याला टेकून रडायला लागल्या. "गाय व्याली तिथपासून सांगायचा गं माणूस," म्हणाल्या, "मी उगाच करवादायची."

वर्षं गेली. काकांची रिटायरमेंट आली आणि खरी पंचाईत तिथे झाली. सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये घर आपलं नसतंच. नोकरी संपली की थोडे दिवस मुदत, मग किल्ली परत. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, बाकीचे कुणी नागपूरला, कुणी पुण्याला घर बांधून मोकळे होत. काका मात्र ऑफिसच्या पायऱ्या झिजवत राहिले. "मला हेच क्वार्टर राहू द्या. दुप्पट भाडं घ्या." तिथला साहेब भला होता. त्यानं मुदत वाढवून दिली, पुन्हा वाढवून दिली, पण त्याचेही हात बांधलेले.

"त्याला हेच दार ठाऊक आहे," काका मला म्हणाले. "उद्या आला, कडी वाजवली, आणि दुसऱ्याच माणसानं दार उघडलं, तर तो काय समजेल? की आम्ही त्याला टाकून गेलो. मागे फिरेल पोर. पुन्हा येणार नाही." आणि माझ्यासमोर ढसाढसा रडले. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी पाणी आणून दिलं.

शेवटी ते भोपाळातच, टी. टी. नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिले. त्यांच्या क्वार्टरमध्ये बिहारकडचं एक नवं जोडपं आलं. मुलगी लग्न होऊन नुकतीच आलेली, घाबरट, गोड. काका तिला बहूजी म्हणत. दुसऱ्याच दिवशी बस पकडून हे समोरच्या पुलियावर, नाल्याच्या कठड्यावर येऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. पोरीला वाटलं, म्हातारा वेडा आहे. मी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि आत जाऊन चहा ठेवला.

मग काकांनी तिला शिकवायला घेतलं. माझ्या खिडकीतून मला सगळं दिसायचं. ते फाटकाबाहेर जात, परत येत, स्वतःच्याच जुन्या दाराची कडी वाजवत. ती दार उघडून म्हणायची, "अरे, आप आ गए! आइए, बैठिए, मैं बताती हूँ..."

"नहीं, बहूजी. बैठिए नहीं. बताती हूँ भी नहीं. वो दरवाज़े पर खड़ा होगा, उसकी जान अटकी होगी. पहला वाक्य."

"माँ-बाबूजी दोनों ठीक हैं, कोई नाराज़ नहीं है, टी. टी. नगर में रहते हैं."

"फिर से."

ती पुन्हा म्हणायची. एका दमात, न अडखळता. मी एकदा म्हटलं, "काका, पुरे करा आता, तिला पाठ झालंय." ते म्हणाले, "पाठ होऊन चालत नाही गं. झोपेतून उठवलं तरी तेच यायला हवं. तो दारात एक श्वास जरी थांबला, तरी त्या एका श्वासात काय काय आणून उभं करेल ते मला ठाऊक आहे." कुकरची शिट्टी होत असताना, मूल कडेवर असताना, ते येऊन कडी वाजवायचे. आणि ती हसून तेच वाक्य म्हणायची. तिलाही लळा लागला होता. तिच्या बाळाचं बारसं काकूंनीच केलं.

काका गेले ते थंडीत, न्यूमोनियानं. बहूजी पोराला घेऊन आली होती, बापासाठी रडावं तशी रडली. टाउनशिपमधून एवढी माणसं आली की टी. टी. नगरची गल्ली भरून गेली.

आता काकांनी सांगितलं असतं तसंच सांगते. मुलगा आला. काका जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

रविवार होता. मी काकूंकडे मटार सोलत बसले होते. जिन्यावर धावत येणारी पावलं वाजली आणि दारात एक दाढीवाला बाप्या उभा राहिला, हातात मिठाईचा डबा, धापा टाकत, आणि तोंडभर हसत. हसण्यावरून ओळखला मी. काकूंच्या मांडीतलं ताट खाली पडलं, मटार खोलीभर झाले. त्या उठल्या आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन बघतच राहिल्या. तो हसत, रडत म्हणत होता, "आई, मला वाटलं तुम्ही दार उघडणार नाही. किती वेळा स्टेशनपर्यंत येऊन परत गेलो मी. आज कडी वाजवली, तर त्या बाईंनी लगेच सांगितलं. मी बसमध्ये वेड्यासारखा हसत होतो गं, लोक बघत होते." मग आईच्या खांद्यावरून आत डोकावला. "बाबा कुठायत? बाबांसाठी पेढे आणलेत."

काकूंना काही कळलं नाही, मला कळलं. तेवढ्यात जिन्यावर बहूजी दिसली, मागच्या बसनं आलेली, चपला हातात, केस सुटलेले. मला बघून तिनं तिथेच कठड्याला धरून बसकण मारली. "दीदी, मुँह से वही निकल गया. दोनों ठीक हैं, बोल दिया मैंने, पते की पर्ची भी थमा दी. समझ में आया तब तक वो दौड़ गए थे. मैं पीछे भागी, दीदी, बस छूट गई."

तिला काय बोलणार? तिचं काही चुकलं नव्हतं. काकांनी शिकवलं ते तिनं चोख केलं होतं. टाउनशिपपासून टी. टी. नगरपर्यंत बस पोचायला लागते तेवढा वेळ त्या पोराचा बाप जिवंत होता, बरा होता, आणि त्याच्यावर रागावलेला नव्हता. आणि तो बापाकडे निघाला होता.

आता तो एकदा बहूजीकडे, एकदा आईकडे बघत होता. हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "काय झालं? बाबा बाहेर गेलेत का?"

मला वाटलं, काकूंना आता आधी बसवावं, त्यालाही बसवावं, पाणी द्यावं. मी उठलेच होते. काकूंनी हातानं मला थांबवलं. मुलाचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाल्या, "बाबा गेले, राजा. दोन वर्षं झाली. तुझ्यावर कधीच रागावले नव्हते."

तो पेढ्यांचा डबा धरून तसाच उंबऱ्याबाहेर खाली बसला. मग हुंदका फुटला, आणि एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा जिन्यात आडवा होऊन रडायला लागला. शेजारची दारं उघडली. काकू खाली वाकल्या, त्याचे बूट सोडायला लागल्या. नाडी सुटत नव्हती.

"रड," त्या म्हणाल्या, "पण आत येऊन रड."